फियाटचा कार्बोरेटर : बदलण्यापूर्वी थोडा हिशेब

मे महिन्याच्या दुपारी धुळ्याहून मालेगावकडे निघाले की लळिंगच्या चढावर एखादी जुनी फियाट बॉनेट उघडून उभी दिसायची. क्वचित आजही दिसते. मालक घामाघूम झालेला, बायको-मुले रस्त्याकडेच्या झाडाखाली, आणि कोणीतरी बाटलीतल्या पाण्याने फडके भिजवून इंजिनाच्या कुशीतल्या वाटीएवढ्या पंपावर ठेवत असतो. दहा-पंधरा मिनिटे जातात. मग स्टार्टर मारला की गाडी जणू काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते. लांडोर बंगल्यावर ३१ जुलैच्या कार्यक्रमाला जाणाऱ्या आपल्या वाचकांना हा परिसर ठाऊक आहे. परंतु जुलैचे लळिंग निराळे आणि मे महिन्याचे निराळे.

गाडी अशी उभी राहिली की चार जण जमतात आणि चौघांचा सल्ला एकच असतो : “भाऊ, हा सोलेक्स काढा आणि मारुतीचा कार्बोरेटर टाका. मग पिकअप बघा!” सल्ला फुकट असतो, काम फुकट नसते. काही हजार रुपये जातात, गाडी आठ दिवस गॅरेजला पडून राहते आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच चढावर पुन्हा उभी राहते. कारण तिला थांबवणारा कार्बोरेटर नव्हताच. थांबवले होते खानदेशच्या उन्हाने, आणि त्या उन्हाने गाठले होते पंपाला.

कार्बोरेटर बदलूच नये, असे आमचे म्हणणे नाही. काम नीट झाले तर त्याचा उपयोगही होतो. पण गाडीचे दुखणे कोणते, ते या बदलाने जाईल का आणि त्यावर घातलेला पैसा किती वर्षांनी परत येईल, एवढे तरी घरात बसून ठरवावे. त्यासाठी मिस्त्री असण्याची गरज नाही.

दारातली पहिली चारचाकी

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज-प्लिमथ गाड्यांची जोडणी होई. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी संबंध आला. १९६४ साली ‘फियाट ११०० डिलाइट’ आली आणि १९७४ साली त्याच गाडीचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. एकविसावे शतक उजाडता उजाडता तिचे उत्पादन थांबले. मुंबईत पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली.

आपल्याकडे ही गाडी आधी डॉक्टर, वकील आणि केळीचे व्यापारी यांच्या दारात दिसे. मग दुसऱ्या-तिसऱ्या हातून ती शिक्षकांच्या, भुसावळच्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या, बँकेतल्या कारकुनांच्या दारात आली. कित्येक घरांत आलेली ती पहिली चारचाकी. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून घेतलेल्या गाडीवर माणसाचा जीव असतो. वडील गेल्यावरही ती विकवत नाही. म्हणूनच “थोडा खर्च करा, नवी होईल” हे वाक्य अशा मालकाच्या मनाला चटकन भिडते आणि त्याचाच गैरफायदा घेतला जातो.

आता गाडीकडे पाहू. इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ घन सेंटिमीटरचे, शक्ती साधारण ४० अश्वशक्ती. त्यावर ३२ मिलिमीटर तोंडाचा, एका नळीचा सोलेक्स कार्बोरेटर. सोलेक्स मूळची फ्रान्सची. आपल्याकडचे हे कार्बोरेटर मद्रासला तयार होत. आणि जिच्याशी तुलना केली जाते ती मारुती ८०० म्हणजे ७९६ घन सेंटिमीटरची, तीन सिलिंडरची. तिचीही शक्ती चाळीसच्या आतबाहेरच. मग लहान इंजिन एवढे चपळ कसे? लोक म्हणतात, कार्बोरेटरची करामत. खरे कारण वजन. पद्मिनी सुमारे ९०० किलोची, तर मारुती साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे पद्मिनी रिकामी असली तरी मारुतीच्या मानाने चार माणसे अधिक घेऊन चालते. कार्बोरेटर बदलून ही चार माणसे खाली उतरत नाहीत.

स्टो आणि कार्बोरेटर

पंपाचा स्टो ज्यांनी वापरला त्या माताभगिनींना कार्बोरेटर समजावून सांगावा लागत नाही. स्टोच्या निपलला बारीक भोक असते. त्यातून रॉकेलची वाफ निघते, आजूबाजूची हवा ओढून घेते आणि जळते. भोक साफ असेल तर ज्योत निळी. हवा कमी पडली तर ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचे बूड काळे. कार्बोरेटरचे काम असेच आहे. फरक इतकाच की येथे हवा ओढण्याचे काम इंजिन करते. पिस्टन खाली गेला की हवा कार्बोरेटरमधून आत धावते. वाटेत नळी मुद्दाम अरुंद केलेली असते. नदी अरुंद झाली की जशी वेगाने वाहते, तशीच तेथे हवा वेगाने जाते आणि तिचा दाब कमी होतो. त्या कमी दाबाने शेजारच्या वाटीतले पेट्रोल एका बारीक छिद्रातून वर ओढले जाऊन फवाऱ्यासारखे हवेत मिसळते. अरुंद नळीचा हा गुण इटलीचे जोव्हानी बत्तिस्ता वेंचुरी यांनी १७९७ साली मांडला, म्हणून त्या भागाला वेंचुरी म्हणतात. छिद्राला जेट म्हणतात. वाटीत पेट्रोलची पातळी सारखी ठेवणारा तो फ्लोट. आपल्या टाकीतल्या बॉल कॉकचाच भाऊ.

प्रमाणाचा हिशेब असा : एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या जवळपास. त्याला हवा लागेल अकरा किलोच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या गरम हवेचे साडेनऊ हजार लिटर. दहा बाय दहा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीतली एक तृतीयांश हवा एक लिटर पेट्रोल खाऊन टाकते! पेट्रोलकडे सगळ्यांचे लक्ष असते, कारण त्याचे पैसे पडतात. इंजिनाचा खरा खुराक हवा आहे.

जेटवर आकडा कोरलेला असतो. सोलेक्सच्या जेटवर १२० असेल तर छिद्र १.२० मिलिमीटर. त्याऐवजी १२५ चा घातला तर फरक नुसता पाच आकड्यांचा दिसतो, पण छिद्राचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्टोची पिन किंवा तार जेटमध्ये कधीही घालू नये. जेट पितळेचा, तार पोलादाची. दोन-चारदा कोचले की १२० चा जेट गुपचूप मोठा होतो. वरचा आकडा मात्र तोच राहतो. मग मिस्त्री आकडा वाचून बुचकळ्यात पडतो आणि मालक “गाडी पेट्रोल पिते” म्हणून कपाळाला हात लावतो. जेट पेट्रोलने धुऊन हवेच्या फुंकरीने साफ करावा. फुंकर ब्लोअरची, तोंडाची नव्हे. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढायची खोडही सोडावी. घोट चुकून फुप्फुसात गेला तर जिवावर बेतते.

मोठे तोंड, मोठा घास?

“मोठा कार्बोरेटर टाकला की इंजिन जास्त ओढते,” हा समज फार पसरलेला आहे. पडताळून पाहू. १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन मिनिटाला ४८०० फेरे करते आणि दर दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेते. म्हणजे मिनिटाला २४०० श्वास, प्रत्येकी १.०८९ लिटरचा : सुमारे २६०० लिटर. प्रत्यक्षात असे इंजिन पूर्ण छाती भरून श्वास घेत नाही; ऐंशी टक्के धरले तर २१०० लिटरच्या आसपास. हा आकडा सिलिंडर, व्हॉल्व आणि कॅमशाफ्ट ठरवतात. कार्बोरेटरचे तोंड फारच अरुंद असेल तर वरच्या वेगात थोडा अडसर होतो, तेवढाच तोंड मोठे केल्याने निघतो. त्यापलीकडे काही वाढत नाही.

उलट मोठ्या तोंडाने नुकसानही होते. वेंचुरी रुंद केली की कमी वेगात हवा संथ चालते. संथ हवेला पेट्रोलचा नीट फवारा करता येत नाही, थेंब पडतात. ॲक्सिलेटर दाबला की गाडी क्षणभर घुटमळते आणि मग झटक्याने पुढे जाते. जळगावात गोलाणी मार्केटच्या गर्दीत किंवा लळिंगच्या चढावर भरली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओढताना हे घुटमळणे नकोसे होते. शर्यतीच्या गाड्या सतत वरच्या वेगात असतात, त्यांना चालते. आपल्याला लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर पारोळ्याला जायचे असते.

मग मारुतीचा कार्बोरेटर फियाटवर घालणारे सगळे मिस्त्री चुकीचे का? तसे नाही. मारुतीचा जपानी धाटणीचा मिकुनी कार्बोरेटर दोन नळ्यांचा असतो. साध्या चालीत एकच नळी उघडी राहते. ती अरुंद असल्याने हवा वेगाने जाते, फवारा बारीक होतो आणि पेट्रोल वाचते. जोर हवा तेव्हा दुसरी नळी उघडते. एका नळीच्या सोलेक्सला गर्दी आणि महामार्ग दोन्ही एकाच मापात सांभाळावे लागतात; दोन नळ्यांच्या कार्बोरेटरला तशी तडजोड करावी लागत नाही. कल्पना चांगलीच आहे. बिघडते ते बसवण्यात.

पहिली अडचण बैठकीची. दोन्हींची बोल्टची अंतरे जुळत नाहीत, म्हणून मध्ये ॲल्युमिनियमची जाड प्लेट करून घालावी लागते. ही प्लेट लेथवर आणि ड्रिलवर नीट झाली, तिच्या दोन्ही बाजू सपाट राहिल्या आणि आतली वाट पायरी न पडता उतरत गेली, तरच उपयोग. घाईत ग्राइंडरने घासलेली प्लेट कडेने हवा घेते. मग गाडी स्लोवर कधीच शांत राहत नाही. दुसरी अडचण ॲक्सिलेटरच्या जोडणीची. ती नव्याने करावी लागते आणि परत येणारी स्प्रिंग भक्कम लागते. येथे हयगय झाली तर पाय काढल्यावरही गाडी रेस घेत राहील. याचा अर्थ चालवणाऱ्या प्रत्येकाला कळतो. एकाऐवजी दोन स्प्रिंगा लावणारा मिस्त्री शहाणा समजावा.

तिसरी अडचण बहुतेक जण विसरतात : जेट. तो कार्बोरेटर ७९६ घन सेंटिमीटरच्या तीन सिलिंडरांसाठी मापलेला आहे. १०८९ च्या चार सिलिंडरांवर तसाच चढवला तर मिश्रण बिघडते. भंगारातून आणला असेल तर आधीच्या मालकाने त्यात काय कोचले आहे तेही ठाऊक नसते. जेट बदलून, रस्त्यावर चालवून, प्लग पाहून पुन्हा जेट बदलायचे, हे दोन-तीन दिवसांचे काम आहे. जो मिस्त्री “दुपारपर्यंत देतो” म्हणतो, तो फक्त बोल्ट आवळणार आहे.

आधी हे पाहा

आमच्या मते बदलाचा विचार करण्यापूर्वी आहे त्याच सोलेक्सला एक पुरती संधी द्यावी, आणि त्याच्याही आधी कार्बोरेटर सोडून बाकीचे सगळे तपासावे. प्लग, पॉइंट, टायमिंग, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, एअर फिल्टर. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहावे. ब्रेक धरून राहत असेल तर जगातला कोणताही कार्बोरेटर ॲव्हरेज देणार नाही. पेट्रोलची तक्रार घेऊन आलेल्या गाडीचा दोष चाकात सापडतो, ही गोष्ट जुने मिस्त्री हसत सांगतात.

मग कार्बोरेटर. वयस्क सोलेक्सची दोन ठरलेली दुखणी आहेत. एक, थ्रॉटलचा दांडा. हवेची झडप ज्या दांड्यावर फिरते तो वर्षानुवर्षे फिरून बॉडीतले भोक लांबट करतो. दांडा बोटाने हलवून पाहावा. खुळखुळत असेल तर तेथून चोरून हवा जाते आणि स्लो कितीही बांधला तरी टिकत नाही. उपाय स्वस्त आहे : भोक रीमर मारून पितळी बुश घालायचे. चांगल्या लेथवाल्याला हे काम येते. दुसरे दुखणे बुडाचे. गळती थांबावी म्हणून प्रत्येक जण बोल्ट आणखी आवळत जातो आणि मऊ धातूची बैठक वाकते. कार्बोरेटर काढून आरशाच्या काचेवर ठेवला आणि तो डुगडुगला, तर बैठक सपाट करून नवे पॅकिंग घालावे. त्याबरोबर फ्लोटमध्ये पेट्रोल शिरले आहे का, सुई आपल्या जागी नीट बसते का आणि ॲक्सिलेटर दाबताच पंपाची धार लगेच येते का, एवढे पाहिले की बहुतेक गाड्यांचा पिकअप परत येतो. बदलायची हौस असली तरी हे करून मग बदलावे, म्हणजे कशाने काय सुधारले ते तरी कळेल.

चढावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे काय? जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो हे आपण दरवर्षी सोसतो. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे सहा टक्के विरळ असते, म्हणून उन्हाळ्यात गाडी थोडी मंद वाटणारच. तोरणमाळला चढताना उंचीमुळे असेच होते. पण बंद पडण्याचे कारण निराळे आहे. एसी पंप इंजिनाला चिकटून असतो. चढावर गाडी हळू चालते, रेडिएटरला वारा कमी मिळतो, बॉनेटखाली भट्टी होते आणि पंपात व नळीत पेट्रोलची वाफ धरते. पंप द्रव ढकलू शकतो, वाफ ढकलू शकत नाही. ओल्या फडक्याने वाफेचे पुन्हा पेट्रोल होते म्हणून गाडी सुरू होते. कायमचा उपाय म्हणजे रेडिएटर आतून-बाहेरून साफ करणे, पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या नळकांड्यापासून दूर फिरवणे, कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारे जाड बेकेलाइटचे पॅकिंग घालणे आणि जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी बारीक नळी टाकणे. परतीच्या नळीमुळे पेट्रोल सतत फिरते राहते, एका जागी तापत बसत नाही.

काही जण विजेचा पंप लावतात. लावायला हरकत नाही, पण तो कार्बोरेटरच्या गाडीचाच हवा. अशा गाडीला तीन-चार पौंडांचा दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप चाळीस पौंडांच्या घरात दाब देतो. तो लावला तर फ्लोटची सुई उचलली जाऊन पेट्रोल गरम इंजिनावर सांडेल. शिवाय इंजिन बंद पडले की पंपही आपोआप बंद पडेल अशी रिले हवीच.

नव्या पेट्रोलचा प्रश्न

जुन्या गाडीच्या मालकाला आता कार्बोरेटर उघडावा लागण्याचे आणखी एक कारण आहे. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली देशातून गेले, ते चांगलेच झाले. त्यानंतर पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणे वाढत गेले. २०२२ साली प्रमाण दहा टक्क्यांवर पोहोचले, फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल यायला लागले आणि २०२५ पर्यंत ते जवळजवळ सगळीकडे झाले. इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते : किलोला नऊ किलो. वीस टक्के मिश्रणाला सुमारे साडेतेरा किलो. जुन्या जेटमधून येणारे हे नवे पेट्रोल इंजिनाला कमी पडते. मिश्रण पातळ होते, इंजिन तापते, थंडीत सुरू व्हायला कुरकुर करते. इंजेक्शनच्या गाडीतला संगणक हे सांभाळून घेतो. सोलेक्समध्ये संगणक नाही, मिस्त्रीच आहे. हिशेबाने साधारण आठ टक्के जादा पेट्रोल सोडावे लागते, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे १२० ऐवजी १२५, फक्त एक पायरी. अर्थात प्रत्येक गाडी निराळी. प्लग पाहूनच ठरवावे. प्लगचे टोक काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त, पांढरे फटक असेल तर कमी, फिकट तपकिरी असेल तर बरोबर. इथेनॉलमध्ये जळण्याची शक्तीच कमी असल्याने ॲव्हरेज पाच-सात टक्के उतरेल. त्यासाठी मिस्त्रीशी भांडू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट रबराची. जुने रबर इथेनॉलने फुगते, मऊ होते, मग चिरते. पेट्रोलची नळी, एसी पंपाचा पडदा, ॲक्सिलेटर पंपाचा पडदा हे सगळे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावे. इथेनॉल हवेतले पाणीही ओढते. गाडी महिनोन्महिने उभी ठेवली तर वाटीत पांढरट थर साचतो आणि बॉडीचा धातू खाल्ला जातो. आठवड्यातून एकदा गाडी फिरवावी. बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला तर “जुनी गाडी आहे, येणारच” असे म्हणून सोडून देऊ नये. चिरलेल्या नळीतून थेंब थेंब गळणारे पेट्रोल खालच्या तापलेल्या नळकांड्यावर पडते. जुन्या गाड्या अशाच पेटतात. पाचशे रुपयांच्या आतल्या नळीसाठी कुटुंबाला संकटात घालू नये.

येथेच गॅसविषयी बोलायला हवे. स्वस्त पडते म्हणून घरगुती सिलिंडरमधून गाडीत गॅस भरण्याचे प्रकार आपल्याकडे चालतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव शहरातच ओम्नी गाडीत असा गॅस भरताना स्फोट झाला, अनेक जण भाजले आणि त्यांतले काही दगावले. घरगुती गॅस वाहनात वापरणे हा गुन्हा आहे. कार्बोरेटर नीट करण्याचा खर्च टाळायला हा मार्ग कोणी सुचवला तर त्याच्या दारातूनच परत फिरावे.

हिशेबाची वही

समजा, तुमची फियाट लिटरला बारा किलोमीटर देते, महिन्याला तीनशे किलोमीटर चालते आणि पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले. महिन्याला पंचवीस लिटर लागतात. कार्बोरेटर बदलून ॲव्हरेज तेरा झाले तर तेवीस लिटर. वाचले दोन लिटरला थोडे कमी, म्हणजे १९२ रुपये. प्लेट, कार्बोरेटर, जोडणी, मजुरी मिळून नऊ हजार लागले तर ते परत यायला जवळजवळ चार वर्षे. गाडी रोज चालत असेल तर हिशेब लवकर जमेल. रविवारीच निघत असेल तर बचतीचे नाव घेऊ नये, हौस म्हणावे. हौसेलाही आमचा विरोध नाही. घरखर्च पाहणाऱ्या भगिनींनी मात्र हा आकडा एकदा कागदावर मांडून यजमानांपुढे ठेवावा.

आणि ॲव्हरेज मोजावे ते नीट. टाकी गळ्यापर्यंत भरायची, एरंडोलपर्यंत जाऊन परत यायचे आणि त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. साठेक किलोमीटरला किती पेट्रोल गेले ते लिहायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची : आज जेट, तर टायमिंगला हात नाही. तारीख, जेटचा आकडा, हवा गरम की गार, प्लगचा रंग, हे सगळे वहीत. ज्या घरात अशी वही आहे तेथे मिस्त्री दहा मिनिटांत निदान करतो.

पीयूसीची चिठ्ठीही या वहीत जोडावी. जुन्या पेट्रोल गाड्यांना स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे. चिठ्ठीवरचा आकडा मर्यादेजवळ असेल तर मिश्रण जाड आहे आणि तुमचे पैसे धुरावाटे जात आहेत, हे सरकारी यंत्रानेच लिहून दिले असे समजावे.

एक गोष्ट तरुणांसाठी. २०२० पासून बहुतेक नव्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर गेला. तो उघडून बसवणारे हात कमी होत चालले आहेत. गाड्या मात्र अजून आहेत. जळगाव, भुसावळ, धुळे येथील आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुलामुलींनी स्कॅनर शिकावाच, पण एखाद्या जुन्या मिस्त्रीजवळ बसून सोलेक्सही एकदा पूर्ण उघडून बसवावा. जेट आणि हवेचे प्रमाण ज्याच्या हातात बसले, त्याला इंजेक्शनची गाडीही लवकर कळते. चौदा वर्षांखालच्या मुलाला मात्र कोणी हेल्पर म्हणून गॅरेजला धाडू नये. तो गुन्हा आहे, आणि त्याची शाळा बुडते ती वेगळीच.

एवढे करूनही मारुतीचा कार्बोरेटर बसवायचाच ठरला, तर काढलेला सोलेक्स भंगारात देऊ नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील खाजगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेतील विंटेज नंबर मिळू शकतो. अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. १९७० ची फियाट आजच त्यात बसते. १९९० ची पद्मिनी २०४० साली बसेल. तोवर जुना कार्बोरेटर धुऊन, तेलाच्या फडक्यात गुंडाळून, त्याचे जेट आणि बोल्ट वेगळ्या डबीत घालून, डबीवर गाडीचा नंबर लिहून कपाटात ठेवा.